कातळावरच्या गाठी

१२ डिसेंबर १९४३

रेल्वेत होतो तोवर पाळी संपली की काय घडलं ते लिहून द्यावं लागे. आता पाळी नाही, पण सवय सुटत नाही. ही वही सुंदराने चौक गावच्या बाजारातून आणली. मी मागितली नव्हती.

सद्यस्थिती अशी. मी वाल्मिक, कर्जत यार्डात पॉइंट्समन होतो, रुळांचे सांधे बदलायचो. गेल्या पावसाळ्यात इंजिनाच्या ओल्या पायरीवरून पाय सरकून चाकाखाली आला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. चूक कुणाची नाही, पाऊस होता. दवाखान्यातून सुटल्यापासून चौकच्या वर, डोंगराच्या पायथ्याला, थोरल्या भावाकडे राहतो. घरात पोपटदादा, इंदूवहिनी, मी आणि माझी बायको सुंदरा. मूलबाळ दोघांनाही नाही. सुंदरा आत निजते, मी पडवीत. पायाचा उरलेला खुंट ठणकतो, उगाच तिची झोप मोडायला नको. सोयीचं आहे. खुंट दवाखान्यातल्या माणसांखेरीज कुणी पाहिलेला नाही. पाहण्यासारखं त्यात काही नाही.

दादा म्हणाला, चौकच्या भाताच्या गिरणीवर राखणदार हवाय. "तुला बसायचंच हाय, तर तिथं बस." त्याच्या मनात वाईट नव्हतं. विचार करतो म्हणालो.

१७ डिसेंबर

पुण्याच्या रस्त्यावर वळणाला मिलिटरीची लॉरी नाल्यात कलंडली. माणसं वाचली. लॉरीत पेंढ्याच्या गाठी होत्या, यंत्रात दाबून तारेने करकचून बांधलेल्या, ट्रंकेएवढ्या. कुठल्यातरी छावणीतल्या खेचरांसाठी चालल्या होत्या. कोरड्या गाठी दुसऱ्या लॉरीने नेल्या. भिजलेल्या नाल्यातच टाकल्या आणि हव्या त्याने न्या म्हणाले. गावातली गुरं आणून पाहिली. गुरांनी वास घेतला आणि मागे फिरली. माणसांना पेंढा नको होता, तार हवी होती. लढाईमुळे तार कुठे मिळत नाही.

२ जानेवारी १९४४

कुबड्या घेऊन नाल्यापर्यंत गेलो. जाताना ठीक, येताना दोनदा थांबावं लागलं.

काहींच्या तारा लोकांनी काढून नेल्यात. उरलेल्या गाठींवर हिरवी लव आली आहे. झोडपताना राहून गेलेले भाताचे दाणे रुजलेत. बोट घालून पाहिलं तर मुळं चांगली आत गेलेली. मग एक गोष्ट ध्यानात आली. गाठीची उंची माझ्या मांडीइतकी आहे. भुई मला फार खाली पडते. वाकलो तर तोल जातो, बसलो तर उठवायला माणूस लागतं. गाठीपाशी मात्र मी उभा राहून दोन्ही हात चालवू शकतो. भात रुजतं, तर वांगं का रुजू नये?

आमच्या अंगणात सगळा कातळ. वहिनीची तुळससुद्धा घासलेटच्या डब्यात आहे.

५ जानेवारी

दादाला बैलगाडी मागितली.

"कशाला?"

"गाठी आणायच्या. त्यांच्यावर भाजी लावतो."

"पेंढा बैलानं खायाचा असतो."

"बैल खात नाय."

"मग जाळायचा."

शेवटी ठरलं ते असं. होळीपर्यंत गाठी माझ्या. तोवर काही उगवलं नाही तर तारा दादाच्या आणि मी गिरणीवर जायचं. वहिनी साक्षीला होती. सुंदराही होती, पण तिला कुणी विचारलं नाही.

१० जानेवारी

गाठी अंगणात कातळावर ओळीने लावल्या. दादानेच उचलल्या. मी कुठली कुठे ते सांगत होतो. दोन गाठींमध्ये कुबडी जाईल एवढी वाट ठेवली. सुंदरा नाल्याचं पाणी आणते, मी भोकं पाडलेल्या डब्याने शिंपतो.

सुंदराने विचारलं, "खत काय घालायचं?"

म्हटलं, "पाणी पुरेल. त्या भाताला कुणी खत घातलं होतं?"

"ते भात दोन बोटं वाढलं न् पिवळं पडलं."

"नोंद घेतो," मी म्हणालो.

"गोठ्याच्या खड्ड्यातलं पाणी घातलं तर?"

नको म्हणून सांगितलं. दारात बैलांच्या मुताची घाण नको. मी रेल्वेत स्वच्छतेची सवय लावून घेतली आहे.

१८ जानेवारी

वांगी, मिरची आणि टमाट्यांची रोपं लावली होती. सगळी मेली. वाळली नाहीत, शिजली. गाठीत मनगटापर्यंत हात घातला तर चटका बसला. रेल्वेच्या डब्याच्या चाकाचा धुरा गरम झाला की जसा हाताला लागतो तसा. गरम धुऱ्याची गाडी पुढे सोडत नाहीत, बाजूला काढून निवू देतात. गाठींचंही तेच करायचं ठरवलं. नुसतं पाणी घालत राहणार.

वहिनीला वाटलं, गाठी पेट घेतील. तिने पाण्याचा हंडा पडवीत भरून ठेवला. तो माझ्या अंथरुणापाशी ठेवला असल्यामुळे सकाळी मला लागला आणि सांडला. बाकी काही नाही.

३१ जानेवारी

गाठी निवल्या. आतला पेंढा काळपट आणि मऊ झालाय. पुन्हा रोपं लावली. प्रत्येक रोपाच्या बुडाशी मूठभर माती. गाठींच्या बाजूंना सुंदराने झेंडूचं बी खोचलं. म्हटलं, फुलं कशाला? ती म्हणाली, "असू देत." कारण दिलं नाही.

दवाखान्याने दिलेला लाकडी पाय बांधून दिवसभर उभा होतो. त्याचा पट्टा काचतो. सांगण्यासारखं नाही.

१२ फेब्रुवारी

रोपं पिवळी पडली. आधी खालची पानं, मग सगळी. वहिनी म्हणते, दृष्ट लागली. दादा काल एका गाठीची तार बोटाने वाजवून पाहत होता.

सुंदराने गोठ्यातल्या पाण्याचा विषय पुन्हा काढला. मी पुन्हा नको म्हणालो. ती बरं म्हणाली. समजूतदार आहे.

२० फेब्रुवारी

पुष्कळ विचार केला. दोष नाल्याच्या पाण्यात असला पाहिजे. त्यात लॉरीचं तेल सांडलं होतं. आजपासून विहिरीचं पाणी. विहीर लांब आहे, पण सुंदराची तक्रार नाही.

२९ फेब्रुवारी

माझा तर्क बरोबर निघाला. विहिरीचं पाणी सुरू केल्यापासून रोपांनी रंग बदलला. नवी पानं गर्द हिरवी आणि तळव्याएवढी. टमाट्यांना काठ्या लावाव्या लागल्या. पाण्यातला फरक एवढा असतो हे माहीत नव्हतं.

किरकोळ नोंदी. अंगणात सकाळी गोठ्याचा वास येतो. वारा फिरला असावा. गोठ्यामागचा खड्डा हल्ली रिकामा असतो. वहिनीने दादाला विचारलं, "बैलांचं काही बिघडलंय काय?" दादाने बैल तपासले. बैल ठीक आहेत. सुंदरा दुपारी भाकरी थापता थापता पेंगते. तिला एवढं काम तरी काय आहे ते कळत नाही.

१० मार्च

होळी. दादा सकाळीच पक्कड घेऊन अंगणात आला.

वांग्यांना जांभळी फुलं आहेत, काहींना फळं धरली आहेत. मिरच्या लागल्या आहेत. टमाटे हिरवे पण मोठे. झेंडू गाठींच्या बाजूंनी उतू चाललाय. खालचा पेंढा दिसतसुद्धा नाही. दादा एका गाठीभोवती फिरला, मग दुसऱ्या. एक वांगं हातात धरून पाहिलं, तोडलं नाही.

"तारा?" मी विचारलं.

"तार काढली तर गाठ पसरंल," तो म्हणाला. "पावसापर्यंत राहू दे."

पक्कड घेऊन गोठ्यात गेला. संध्याकाळी गिरणीवर निरोप पाठवला की दुसरा माणूस बघा. निरोप पाठवल्याचं मला वहिनीने सांगितलं.

२६ मार्च

घरात वांगी खाऊन कंटाळा आला. वहिनीने शेजारी वाटली. सुंदरा म्हणाली, टमाटे माथेरानला नेते. वाडीतल्या बाया दूध आणि लाकडं घेऊन रोज चढतात, त्यांच्याबरोबर पाटी घेऊन गेली. अंधारात निघाली, दुपार कलली तेव्हा परत आली.

तिथल्या एका हॉटेलात गोऱ्या अंमलदारांची गर्दी आहे. लढाईवरून विश्रांतीला येतात. तिथल्या खानसाम्याने पाटी रिकामी करून घेतली आणि टेबलावर ठेवायला फुलं आहेत का विचारलं. सुंदरा म्हणाली, आहेत. आता एक दिवस आड जायचं ठरलंय.

पैसे घरात दिले. दादाने हात लावला नाही, वहिनीने घेतले.

८ एप्रिल

खानसाम्याने सुंदराला वर राहायला बोलावलं आहे. हॉटेलातल्या चादरी-टॉवेलांची जबाबदारी, राहायला खोली, जेवण. सीझन संपला तरी ठेवतील. सोमवारी उत्तर हवंय.

"तुमी काय म्हणता?" तिने विचारलं.

मी नीट विचार केला. लंगड्या माणसाच्या घरात पाणी वाहण्यापेक्षा हे चांगलं आहे. म्हटलं, "जा की. इथं तुझं काय अडलंय?"

"माझं नाय. तुमचं."

"माझं काही अडत नाही. पाणी वहिनी आणील."

तिने पाटी उचलून भिंतीला टेकवली. मग आत गेली. मला वाटतं, तिला बरं वाटलं असावं.

११ एप्रिल

सोमवार होऊन गेला. सुंदरा काल गेली नाही, आजही नाही. पाटी भिंतीला उलटी टेकवून ठेवली आहे. टमाटे पिकून फुटू लागले. विचारलं तर म्हणाली, "जाईन."

भाजीत मीठ नाही. दोन दिवस हेच. दादाच्या आणि वहिनीच्या भाजीत आहे. मिठाची टंचाई असावी आणि थोरल्यांना आधी वाढत असावेत.

१३ एप्रिल

वहिनी अंगणात येऊन माझ्यासमोर उभी राहिली. ती सहसा असं करत नाही.

"भावजी, पाय गेला तुमचा. डोळं नाय गेलं."

म्हटलं, "डोळे ठीक आहेत. दवाखान्यात तपासले होते."

ती आत निघून गेली. काय म्हणायचं होतं ते कळलं नाही. मिरच्या तोडल्या.

१५ एप्रिल

घटना अशी. पहाटे, अजून उजाडायचं होतं, बैल सुटून गाठींत शिरल्याचा आवाज आला. घाईत लाकडी पाय नीट बांधला नाही. बैलाला हाकललं. परत फिरताना पट्टा तुटला आणि मी दोन गाठींच्या मधे पडलो. लाकडी पाय घरंगळत दुसऱ्या ओळीत गेला. उठता येईना. हाक मारली असती तर दादा आला असता. हाक मारली नाही. उजाडल्यावर काहीतरी सुचेल असं वाटलं.

तेवढ्यात गोठ्याकडून सुंदरा आली. कमरेवर घागर होती. तिने मला पाहिलं आणि घागर खाली ठेवली. मी धोतर ओढून खुंट झाकला. ती खाली बसली आणि धोतर बाजूला केलं. मी पुन्हा ओढलं. तिने पुन्हा बाजूला केलं. तिसऱ्यांदा मी ओढलं नाही.

पट्ट्याने कातडी सोलली होती, पू झाला होता. कित्येक दिवसांचं असावं. आतापर्यंत तांबडं फुटलं होतं, तिला सगळं दिसत होतं. तिने वाकून नीट पाहिलं. बाजारात एखादी वस्तू पाहावी तसं, सगळ्या बाजूंनी.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच," मी म्हणालो.

"मला वाटलं, काय आन् काय झालंय." मग म्हणाली, "पडवीत निजत हुतात, ते ह्याच्यापायी?"

मी हो म्हणालो. तिने पदराने डोळे पुसले, किंवा घाम असेल. पाणी तापवून आणलं, जखम धुतली, हळद आणि तेल लावलं, जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. दवाखान्यातल्यापेक्षा पट्टी घट्ट बसली.

मग मला घागरीचा वास आला.

"त्यात काय आहे?"

"गोठ्यातलं पाणी."

"रोज घालतेस?"

"पिवळी पडली तवापासनं."

"मी नको म्हटलं होतं."

"म्हणून तर पहाटे," ती म्हणाली, आणि घागर उचलून वांग्यांना घालायला गेली. मी आडवाच होतो. एकेका रोपाला ती ओंजळीने घालत होती. पानांवर पडू देत नव्हती, बुडाशीच. सगळ्या ओळी झाल्यावर तिने दादाला हाक मारली आणि दोघांनी मला उठवलं.

दुरुस्ती. २९ फेब्रुवारीच्या नोंदीतलं विहिरीच्या पाण्याचं कारण चुकीचं आहे. पेंगण्याविषयी लिहिलंय तेही.

१९ एप्रिल

चालायची मनाई. सुंदरा सकाळ-संध्याकाळ पट्टी बदलते. पडवीत उजेड कमी आणि येणारे-जाणारे फार, म्हणून माझं अंथरूण आत घेतलं आहे. बागेचं काम बायका आणि दादा करतात. दादा टमाटे फार दाबतो.

गोठ्यातलं पाणी आता दिवसाढवळ्या घालतात. वास आहे. सवय होईल.

२३ एप्रिल

भाजीला मीठ आहे. माल आला असावा.

सुंदरा आज पाटी घेऊन वर गेली. खानसाम्याला उत्तर दिलं, की माल आणीन, राहायला जमणार नाही. वरची थंड हवा तिला मानवत नसावी. मी कारण विचारलं नाही. ती सांगत होती तेव्हा वहिनी चुलीशी पाठमोरी बसून हसत होती. धुरामुळे ठसका लागला असेल असंही वाटतं.

४ मे

जखम भरली. सुताराने पट्ट्याच्या आतून कापूस आणि चामडं लावून दिलं. आज अंगणात उभा राहिलो. दिवसभर नाही, सुंदराने तसं सांगितलंय. ती हाक मारते तेव्हा बसतो. बसल्यावर उठवायला ती येते. मी आपणहून हात पुढे करतो, म्हणजे वेळ जात नाही.

अंथरूण पडवीत न्यायचं राहून गेलं आहे.

दादा संध्याकाळी गाठीवर टेकून म्हणाला, "औंदा भात झोडल्यावर आपणच बांधू गाठी. तार नसली तर काथ्यानं." मी म्हटलं, दाब कसा देणार? तो म्हणाला, "मी बसतो ना वर." दादाचं वजन पुष्कळ आहे. होऊ शकेल.

२१ मे

आज माथेरानला गेलो.

जन्मापासून माथेरान घराच्या डोक्यावर आहे, पण मी कधी वर गेलो नव्हतो. काम पडलं नव्हतं. सुंदराने परस्पर नागू घोडेवाल्याला सांगून ठेवलं होतं. काल तो माथेरानहून खाली स्वतःच्या घरी आला होता. सकाळी दारात घोडा घेऊन उभा राहिला. मी म्हटलं, कशाला? सुंदरा म्हणाली, "पाटी जड हाय." पाटी तिच्याच डोक्यावर होती आणि घोड्यावर मी बसलो, त्यामुळे हे कारण नीट पटलं नाही. पण दादाने मला उचलून वर बसवलं होतं.

रामबागेच्या वाटेने गेलो. ती बरी आहे म्हणतात. मी बराचसा रस्ता डोळे मिटून होतो. नागू घोड्याचा लगाम धरून चालत होता आणि सुंदरा पुढे. उतरणाऱ्या बाया तिला थांबवून विचारत, "गं सुंदरा, ह्येच का?" ती "ह्येच" म्हणे आणि पुढे चाले.

हॉटेलच्या मागच्या दाराशी खानसामा आला. मोठा माणूस, पांढरा डगला. त्याने टमाटा नाकाशी धरला, झेंडू मोजून न घेता सगळाच घेतला आणि मला विचारलं, "ये बाग तुम्हारा है? दगडावर कसा करता?"

मी उत्तर तयार केलं होतं. गाठी कशा निवू द्यायच्या, ओळी कशा लावायच्या, ते सगळं. पण तोंडून निघालं ते असं: "बाग हिची. मी गाठींपाशी उभा असतो."

सुंदरा पाटी रिकामी करत होती. तिने वर पाहिलं नाही. पाटी रिकामी झाल्यावरही ती काही वेळ आत हात फिरवत राहिली. खानसाम्याने आम्हाला चहा दिला, पावाबरोबर. चहात साखर होती.

परतताना डोंगराच्या काठाशी नागूने घोडा थांबवला. दोन अंमलदार आणि त्यांच्या मडमा दुर्बीण घेऊन उभ्या होत्या. हाताने रिक्षा ओढणारे काही रिक्षावाले सावलीत बसले होते. नागूने मला खाली उतरवलं. खाली सगळा मुलूख पसरलेला, शेतं वाळलेली, पुण्याचा रस्ता दोरीसारखा, त्यावर लॉऱ्या. चौक ओळखता आलं. आमचं घर सापडेना.

"तो बघा, कातळ," सुंदरा म्हणाली. "करडा. त्याच्या मधी पिवळं हाय ना, ते झेंडू."

मी पाहिलं. कातळ सगळीकडे होता.

"दिसलं?"

"नाही."

"आंब्याच्या अलीकडं बघा."

"कुठला आंबा?"

मग तिने पाटी खाली ठेवली आणि माझं डोकं दोन्ही हातांनी धरून वळवलं. थोडं डावीकडे, थोडं खाली. अंमलदार, मडमा, रिक्षावाले, नागू, सगळ्यांच्या देखत. तिच्या हातांना टमाट्याच्या पाल्याचा वास होता.

"आता दिसलं?"

दिसलं होतं. करड्या कातळावर एक पिवळा ठिपका, नखाएवढा. मी थोडा वेळ तसं सांगितलं नाही.